दार उघडणाऱ्याचे मत

पुरुषोत्तमराव खासनीस हॉटेलात शिरले की कोणाला काय खायचे आहे हे त्या माणसाच्या आधी त्यांना कळायचे. जे. पी. नगरच्या कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे तिथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, ते काउंटरवर हात टेकून खणखणीत आवाजात सांगत, "दोन मसाले डोसे, दोन कॉफी!" नीलिमाताई मागे उभ्या. डोशातली बटाट्याची भाजी त्यांना मुळीच आवडत नसे. ती त्या गुपचूप बाजूला सारत, आणि पुरुषोत्तमराव ती आपल्या ताटलीत ओढून घेत म्हणत, "बघ, काही वाया जात नाही. संसार असा असावा!" लग्न झाल्यापासून हे असेच चालले होते.

आता मंडळी, पुरुषोत्तमरावांच्या मनात काही वाईट होते असे नाही. तुमच्या-माझ्या घरीही थोडेफार असेच असते. बेल वाजली की जो दार उघडतो, तोच घरभराच्या वतीने बोलून मोकळा होतो. पण पुरुषोत्तमरावांना हे असे महागात पडले, की त्यांची मिशीच पणाला लागली!

मिशी म्हणजे साधीसुधी नव्हे. ते ज्या सरकारी कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होते, तिथला दरवान मानसिंग आधी मिशीला सलाम ठोकी आणि मग माणसाला. एकदा सर्दी झाली म्हणून पुरुषोत्तमराव नाकावरून मफलर गुंडाळून गेले, तर मानसिंगाने त्यांना आत सोडले नाही. शेवटी भर थंडीत मफलर काढून ओळख पटवावी लागली.

कारखान्यात त्यांचा दरारा होता तो एका किश्श्यामुळे. बेअरिंगची पेटी आली, आधीच्या तपासनीसाने वरचा नग बघून ती पास केली. पुरुषोत्तमरावांनी ती उलटी केली, तर खाली सगळा गंजका माल. त्यांनी तो परत पाठवला. हा किस्सा घरी जेवताना इतक्या वेळा झाला, की मालही वाढत गेला. पहिल्या वर्षी एक पेटी होती, पुढे ट्रक झाला, आणि अलीकडे तर यशवंतपूरहून अख्खी मालगाडी परत फिरत असे.

तर चौऱ्याण्णव साली विधानसभेची निवडणूक लागली. राज्यात लढत अशी अटीतटीची, की वर्तमानपत्रांतले मतदारांचे कौल वाचावे तर सगळ्यांचे उत्तर एकच: काही सांगता येत नाही. पुरुषोत्तमरावांना याचा भारी राग आला.

"सांगता येत नाही म्हणजे काय?" रविवारी महाराष्ट्र मंडळात ते कडाडले. "यांना मोजताच येत नाही म्हणा! मी आपल्या मतदारसंघाचा कौल घेतो, आणि निकालाच्या आधी या फळ्यावर लिहितो."

"आणि चुकला तर?" मंडळाचे खजिनदार दामोदर बोंद्रे म्हणाले. बोंद्र्यांना मिशी कधी नीट उगवलीच नव्हती, त्यामुळे त्यांचा या विषयावर डोळा होता.

"चुकला तर इथेच, सगळ्यांसमोर मिशी उतरवीन!"

"वस्तरा मी आणतो," बोंद्रे प्रेमाने म्हणाले.

सामना होता छत्रीवाल्यांचा आणि शिडीवाल्यांचा. पुरुषोत्तमराव रोज संध्याकाळी कामावरून आले, की कॉफी पिऊन घरोघर निघत. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध! बेल वाजवायची, घरातल्या कर्त्या माणसाला मत विचारायचे, घरात मतदार किती ते विचारायचे, आणि गुणाकार करायचा. भागातली मोठी अडचण कोणती, हाही प्रश्न होता. उत्तर सगळीकडून एकच येई: रस्ते. रस्त्यांतल्या खड्ड्यांनी स्कूटरवाल्यांची हाडे खिळखिळी केली होती, आणि छत्रीवाला रुंद रस्ते आणि उड्डाणपूल देणार होता.

वरच्या मजल्यावर गंगव्वा राहत. धारवाडच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनीच दार उघडले.

"अक्का, यजमान आहेत का?"

"अंघोळीला गेलेत. का, मी चालत नाही काय?"

"तसं नाही हो. मताचं विचारायचं होतं. ते आले की येतो परत."

गंगव्वा दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. "पुरुषोत्तम अण्णा, मतदानाच्या दिवशी माझ्या बोटाला शाई लावतात, ती काय यजमानांची म्हणून लावतात?"

पुरुषोत्तमराव हसले. "अक्का, तुमच्या घरात का दोन मतं असणार आहेत?"

"सरी, बरं तर. नका विचारू. पण एकदा स्वल्प दुपारी येऊन बघा. दुपारी या गल्लीत वेगळीच माणसं राहतात."

"दुपारी मी कामावर असतो."

"तेच म्हणते मी," म्हणत गंगव्वांनी दार लावले.

मतदानाच्या आदल्या रविवारी पुरुषोत्तमरावांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले: छत्री, दोनास एक. आणि मिशीवरून बोट फिरवले.

मतमोजणीच्या दिवशी शिडीवाले निवडून आले! काठावर नव्हे, चांगले पाय रोवून. संध्याकाळी गल्लीतून ढोल वाजत गेला, तेव्हा पुरुषोत्तमराव सोफ्यावर कागद पसरून बसले होते.

"बेरीज बरोबर आहे, गुणाकार बरोबर आहे," ते पुटपुटले. "नीलिमा, लोक माझ्याशी खोटं बोलले गं!"

नीलिमाताई मटार सोलत होत्या. "खोटं कोणी बोललं नाही. तुम्ही लोकांना विचारलंच नाहीत."

"असं कसं? पायाचे तुकडे पडले माझ्या!"

"आपल्या घरची मतं किती धरलीत?"

"दोन. छत्री."

"मला कधी विचारलंत?"

"अगं, तुला काय विचारायचं? आपण का वेगळे आहोत?"

"अहो, ती मालगाडी परत का पाठवली होतीत?"

"कारण त्या गाढवाने वरचा नग बघून पेटी..." आणि पुरुषोत्तमराव थांबले. मिशीचे दोन्ही टोकदार कोपरे हळूहळू खाली वळताना नीलिमाताईंनी स्पष्ट पाहिले. अरेच्चा! घरोघर दाराशी आलेला कर्ता पुरुष, तोच तेवढा त्यांनी तपासला होता, आणि अख्खी वस्ती पास करून टाकली होती!

"आपल्याकडे पाण्याची अडचण आहे का?" नीलिमाताईंनी विचारले.

"छे! पिंप रोज भरलेलं असतं."

"ते कोण भरतं?"

पिंप हे पुरुषोत्तमरावांच्या समजुतीप्रमाणे आपोआप भरणारे भांडे होते.

"टँकर भर दुपारी येतो," नीलिमाताई शांतपणे म्हणाल्या. "कोपऱ्यावर. कळशा भरायच्या, जिने चढायचे. तुम्ही सगळे घरी येता तेव्हा पिंपं भरलेली असतात, म्हणून एकाही पुरुषाने तुम्हाला पाणी ही अडचण सांगितली नाही. खरं तेच सांगितलं त्यांनी, त्यांना दिसलं तेवढं. छत्रीवाला यायचा संध्याकाळी, तुमच्याबरोबर कॉफी प्यायचा आणि पुलाचं बोलायचा. शिडीवाला दुपारी आला. उन्हात उभा राहिला आमच्याबरोबर, आणि दुसरा टँकर सुरू करवून गेला."

"म्हणजे तू शिडीला..."

"ते नाही सांगणार. तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आता ते पेटीत गेलं."

पुरुषोत्तमराव जातीचे तपासनीस. नुसत्या शब्दावर कसे थांबतील? दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. गल्लीतले ओळखीचे एकेक घर त्यांना पहिल्यांदाच कळशी घेऊन भेटले. बायका पाण्यावर बोलत होत्या, शाळेवर बोलत होत्या, सरकारवर तर इतक्या मुद्देसूद, की मंडळात तसले एक भाषण वर्षभरात झाले नव्हते.

"आलात काय अण्णा, दुपारच्या गावाला?" गंगव्वा म्हणाल्या आणि त्यांनी आपली कळशी पुरुषोत्तमरावांच्या हातात दिली.

"अक्का, दोन मतं असतात हो घरात," ते म्हणाले. वरच्या मजल्यापर्यंत पोचेतो त्यांना आणखी बोलवले नाही.

रविवारी मंडळ गच्च भरले. बोंद्र्यांनी वस्तरा खरोखरच आणला होता, वर गरम पाणीही. पुरुषोत्तमरावांनी आरशात एकदा पाहून घेतले, आणि स्वतःच्या हाताने मिशी उतरवली. मग मोकळा ओठ चाचपत ते म्हणाले, "मंडळी, कौल घ्यायला निघालो होतो मी, पण ज्यांचा घ्यायचा त्यांना न विचारताच दारातून परत फिरलो. घराला मत नसतं. माणसाला असतं. तुम्ही आज घरी जाऊन विचारा. उत्तर मिळेलच असं नाही, मलाही मिळालेलं नाही. पण विचारा!"

सोमवारी मानसिंगाने त्यांना गेटवर अडवले, हे सांगायला नकोच. शेवटी मालगाडीचा किस्सा सांगितला, तेव्हा कुठे ओळख पटली. मात्र या वेळी गाडीत एकच पेटी होती.

आणि त्या संध्याकाळी दर्शिनीत पुरुषोत्तमराव काउंटरवर हात टेकून उभे राहिले, सवयीने तोंड उघडले, आणि मागे वळले. "तुला काय घ्यायचं?"

नीलिमाताई गोंधळल्या. त्यांनी भिंतीवरचा फलक वरून खालपर्यंत वाचला, मग खालून वर. मागे रांग लागली. कोणीतरी घसा खाकरला. पुरुषोत्तमराव शांतपणे म्हणाले, "थांबा हो. त्यांना पहिल्यांदाच विचारलंय."

"केसरीभात," नीलिमाताई म्हणाल्या. "आणि कॉफी नको, चहा."

तेव्हा मंडळी, निवडणूक पाच वर्षांनी येते, पण आपल्या घरातला कौल रोज घ्यावा लागतो. जो दार उघडतो त्याच्या मागेही माणसे उभी असतात. त्यांना विचारा, आणि ती उत्तर शोधत असतील तोवर रांगेला थोडे थांबायला सांगा. लोकशाही म्हणतात ती तिथूनच सुरू होते!