सुईमावशीचा गोल

खांद्यावर ओवलेली सुई कायम टोचलेली, म्हणून गल्लीभर तिला सुईमावशीच म्हणत. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचं तिचं दुकान. मशीन दोन, एक तिचं, एक सुनेचं. तिसरं यंत्र म्हणजे मावशीचं तोंड, आणि ते कधी बंद पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

एक गोष्ट मात्र गल्लीला ठाऊक नव्हती. ती खांद्यावरची सुई मावशी स्वतः ओवत नसे. तिला जवळचं दिसायचंच नाही. सून रोज सकाळी तिच्यापुढे ओवलेल्या सुयांची रांग लावून ठेवी आणि मशीनमध्येही दोरा घालून देई. दिवसभरात दोरा तुटला की हाक यायची, "सूनबाईऽ, दोरा!" चष्म्याचं नाव काढलं की मावशी फणकारायची. "चष्मा लावला की झाले म्हातारी! मग गिऱ्हाईक म्हणेल, म्हातारीचा टाका वाकडा."

इंग्रजीच्या वर्गाचं खूळ सुनेचं. दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत वर्ग भरायचा. "एकटी कशाला जातेस? मी पण येते," मावशी म्हणाली. "बघू तरी, कोण किती पाण्यात आहे!"

सुनेला सगळं यायचं, पण वर्गात ती मूग गिळून बसायची. मावशीचं उलटं. आडात नसलं तरी पोहऱ्यात आणायचीच. चुकली तर दुप्पट मोठ्याने चुकायची.

एका शनिवारी मिसनी फळ्यावर शब्द लिहिले. गोल, प्लॅन, डेडलाइन, अचीव्ह. आयुष्यात काय करून दाखवायचंय ते इंग्रजीत सांगायचं. मावशी पहिली उभी राहिली.

"माय गोल! माय सन वेक अप अर्ली!"

वर्ग हसला. मिस म्हणाल्या, "मावशी, तो तुमच्या मुलाचा गोल झाला. तुमचा सांगा."

"माय गोल, माय डॉटर-इन-लॉ ईट मोर!"

"अहो, स्वतःचा!"

"स्वतःचाच की! पोरगा माझा, सून माझी. परका कोण आहे यात?"

मिसनी हात टेकले. पुढच्या शनिवारी प्रत्येकाने फक्त स्वतःचा एक गोल आणायचा, असं त्यांनी बजावलं. जोडीदाराने तीन प्रश्न विचारायचे. व्हॉट? व्हेन? आणि व्हॉट इज द प्रॉब्लेम?

मावशीला ते प्रश्न इतके आवडले की आठवडाभर तिने गिऱ्हाइकांना सळो की पळो करून सोडलं. कुणी कव्हर टाकायला आलं की कमरेवर हात ठेवून, "व्हॉट? व्हेन? व्हॉट इज द प्रॉब्लेम?" एक बिचारा तर कापड ठेवून पळालाच. स्वतःचा गोल शोधायला मात्र तिला सवड झाली नाही.

शनिवारी जोड्या लागल्या. मावशीसमोर सून. मावशीने फौजदारासारखा घसा खाकरला.

"व्हॉट?"

सून उठली. पदराशी चाळा नाही, अडखळणं नाही. "माय गोल इज टू लर्न डिझाइन. सिक्स मन्थ्स. इन द बिग सिटी."

मावशीला एकेक शब्द कळला. डिझाइन शिकायचं. सहा महिने. मोठ्या शहरात. पण प्रश्न तर विचारायलाच हवा होता.

"व्हेन?"

"नेक्स्ट मन्थ. फर्स्ट."

नुसत्या सरावाला म्हणून कुणी तारीख तयार ठेवतं का? मावशीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "व्हॉट इज द प्रॉब्लेम?"

आता नवऱ्याचं नाव येणार, नाहीतर पैशाचं, असं वर्गाला वाटलं. सुनेने सासूच्या खांद्याकडे पाहिलं.

"नीडल," ती म्हणाली आणि खाली बसली.

सुई? सुईचा कसला प्रॉब्लेम? मिसना कळेना, वर्गाला कळेना. ज्या एकीला कळलं ती घरी जाईपर्यंत अक्षर बोलली नाही. गल्लीतल्या माणसांनी वळून वळून पाहिलं, मावशीची तब्येत बरी आहे ना म्हणून.

दुकानात शिरल्यावर मात्र तोफ डागली गेली. "घरात तोंडातून शब्द फुटत नाही आणि चारचौघांत माझी सुई काढलीस?"

"आई, ते सरावासाठी होतं. सोडून द्या."

"एक तारीख पण सरावाचीच? मला शेंड्या लावू नकोस."

सून टेबलाच्या कडेवर टेकली. "तिथल्या कोर्सला जागा मिळालीय मला. सोमवारी नाही म्हणून कळवणार आहे. घरात सांगितलं असतं तर तुम्ही जा म्हणाला असता, आणि मग इथे एकट्याच बोटं टोचून घेत बसला असता. म्हणून जीभच उचलेना. तिथे परकी भाषा होती, पटकन निघून गेलं तोंडातून."

मावशीला राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. पोरीचं पाऊल आपल्या डोळ्यांनी अडवलं होतं, आणि तेही कशापायी? चार लोक म्हातारी म्हणतील म्हणून! ती रात्र तिने या कुशीवरून त्या कुशीवर काढली.

सकाळी ती कुणाला न सांगता चष्मेवाल्याकडे गेली. चष्मा हातात पडायला रविवारची संध्याकाळ झाली. तो नाकावर चढवून ती तडक दुकानात आली. सून सोमवारी द्यायच्या पडद्यांच्या घड्या घालत होती. मावशीने एक पडदा ओढून घेतला. शिवण तिची स्वतःची, चार दिवसांपूर्वीची. टाका कसा सरळसोट!

पण टाक्याच्या शेजारून बारीक भोकांची एक नागमोडी ओळ चालली होती. उसवलेल्या टाक्यांची. मावशीने दुसरा पडदा पाहिला, तिसरा पाहिला.

"हे कधीपासून चाललंय गं?"

सुनेने हातातल्या पडद्याची घडी पुरी केली.

"म्हणजे मी वाकडं शिवायचं, आणि तू माझ्या पाठीमागे उसवून सरळ करायचं? आणि मी गल्लीभर मिरवतेय, माझा हात कसा सरळ!" मावशीला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि नवी काच धुरकट झाली. ती पुसून तिने सुई घेतली, दोरा घेतला. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा दोरा सुईच्या नेढ्यातून आरपार गेला.

"अगं बाई! गेला!"

तेवढ्यात मुलगा आत आला. बायको कुठे निघालीय ते मावशीने सांगितलं तशी त्याच्या कपाळाला आठी पडली. "सहा महिने? मग माझा सकाळचा चहा, माझा डबा, त्याचं काय?"

मावशीने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "वेक अप अर्ली," ती म्हणाली.

सोमवारी सुनेने कळवलं, पण येते म्हणून. पुढच्या शनिवारी मावशीने वर्गात स्वतःचा गोलही सांगितला. "माय गोल, माय नीडल." मिसना याही वेळी काही कळलं नाही. मावशी समजावत बसली नाही.

एक तारखेला सकाळी बस लागली होती. मुलगा बॅग वर चढवत होता, डोळे चोळत का होईना. सुनेचा पाय निघत नव्हता.

"आई, मशीनच्या खालच्या बॉबिनचा दोरा..."

"कळतं मला. दहा वर्षं तू नव्हतीस तेव्हा बॉबिन कोण भरत होतं?" मावशीने खांद्यावरची सुई काढली आणि सुनेच्या खांद्यावर नीट टोचली, मागे लांब पांढरा दोरा सोडून.

"मी ओवलीय," ती म्हणाली. "पहिल्या फटक्यात. चढ आता."