लाहौलचं सोनं

दसऱ्याच्या सकाळी विमलबाईंनी भुसावळहून जयपूरला आलेल्या पिशवीची गाठ सोडली आणि नाकाला पदर लावला. आतली आपट्याची पानं कुजून काळी पडली होती.

दोष कुणाला द्यायचा? रेल्वेतला ओळखीचा गार्ड सदाशिव दर वर्षी पानं गोणपाटात भरून आणायचा, आणि दर वर्षी बनी पार्कातल्या सुलोचनाबाई पान हातात घेऊन म्हणायच्या, "यंदाही वाळलंय हो सोनं." म्हणून यंदा बाईंनीच त्याला फर्मावलं होतं: पाणी शिंपड, प्लास्टिकच्या पिशवीत घाल, करकचून बांध.

संध्याकाळी जयपुरातली ओळखीची सगळी मराठी बिऱ्हाडं सोनं घ्यायला खातीपुऱ्यात त्यांच्याकडेच यायची. आज रिकाम्या हातानं दारात उभं राहायचं म्हणजे आपलंच नाक कापून ताटात ठेवण्यासारखं.

"आई, आमची पानं चालतील?" सूनबाई मयूरीनं हळूच विचारलं.

मयूरी आणि बाईंचा मुलगा संकल्प कालच लाहौलहून परतले होते. पिवळ्या झालेल्या डोंगरांचे फोटो तिनं हौसेनं दाखवले, तर बाई म्हणाल्या होत्या, "पानगळ बघायला हिमालयात कशाला जायचं गं? दारात कडुनिंब आहे. खाली खुर्ची टाकली असती, वर चहा दिला असता."

आता मयूरीनं वर्तमानपत्राची घडी उघडली. पॉपलरच्या झाडाची पानं, हळदीत बुडवून काढल्यासारखी. काहींच्या कडांना तांबूस झाक.

बाईंनी एक पान उलटसुलट केलं. "आपट्याचं पान मधोमध दुभंगलेलं असतं. हे अखंड आहे."

"पण आई, तुमचं सोनं हिरवं असतं. हे निदान पिवळं तरी आहे."

बाईंनी पान परत वर्तमानपत्रावर ठेवलं.

"तोंड फार चालतं तुझं," त्या म्हणाल्या. "पानं पुसून ताटात लाव."

संध्याकाळी पहिल्या सुलोचनाबाईच आल्या. पान बघून भुवई उंचावली. "हे काय, विमलताई? सदाशिवनं दगा दिला वाटतं?"

"हो" म्हटलं असतं तर भागत होतं. शब्द जिभेवर आलाही. मागे मयूरी ताट धरून उभी होती.

"सदाशिवला काही बोलू नका. आपटा माझ्याच अतिशहाणपणानं कुजला," बाई म्हणाल्या. "हे आमच्या सुनेनं बर्फाच्या डोंगरातनं आणलंय. तिकडं झाडंच सोन्याची होतात. आपल्यासारखं हिरव्याला सोनं म्हणत बसावं लागत नाही."

सुलोचनाबाईंनी पान जपून पर्समध्ये ठेवलं. नातीसाठी आणखी एक मागितलं.

"माणशी एकच," बाई म्हणाल्या. "नातीला घेऊन या."

पाहुणे पांगल्यावर बाई सोफ्यावर टेकल्या. "हसू नकोस. ते फोटो आण. काल माझा चष्मा आत होता."

चष्मा काल नाकावरच होता. मयूरीनं मोबाईल दिला. बाई एकेक फोटो बोटांनी मोठा करत राहिल्या. नदीकाठ पिवळा, उतार पिवळे, वर पांढरी शिखरं.

"सगळं एकदम असं होतं?"

"थोडेच दिवस, आई. मग गळून जातं."

बाईंनी विचार केला. "मग पुढच्या दसऱ्याला सोनं तू वाट. मी आणि संकल्प जाऊन येतो."