बटणांची नदी

सासऱ्यांचा डबा सापडत नव्हता. झालं होतं एवढंच, पण म्हाताऱ्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सासरे शिंपी. नजर गेली, मशीन थांबलं. बटणांचा पत्र्याचा डबा मात्र त्यांनी सोडला नाही. रोज दुपारी बटणं चादरीवर ओतायची, चाचपून लहान-मोठी मांडायची, संध्याकाळी पुन्हा डब्यात भरायची. आज ते कॉटखाली, कपाटामागे नुसतेच हात फिरवत होते.

"बाबा, तुम्हाला आता काय करायचीत बटणं?" वर्तमानपत्रातून मान न काढता मुलगा म्हणाला.

सासरे कॉटवर बसले. रिकाम्या चादरीवर बोटं तेवढी फिरत राहिली.

आतल्या खोलीत सुनेने हे ऐकलं. तिच्या हाताचा डिंक अजून वाळला नव्हता.

सून शिल्पकार. दगड नको, माती नको. घरातल्या जुन्यापान्या वस्तूंतून ती देखावे घडवी. गोणपाटाचे डोंगर, फाटक्या छत्रीचे ढग, उसवल्या स्वेटरची नांगरलेली शेतं. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं आणि नदी काही सुचत नव्हती. सकाळी डबा दिसला. 'पडूनच तर असतो,' असं मनाशी म्हणत तिने तो न विचारता उचलला. आता निळ्या पडद्याच्या कापडावर बटणांची नदी अशी लकाकत होती, की बघता बघता पाण्याचा आवाज यावा.

तिला राहवेना. सासऱ्यांचा हात धरून तिने त्यांना आत आणलं.

"बाबा, डबा मी घेतला. चुकलं माझं."

त्यांनी नदीवर बोटं ठेवली. "हे मास्तरांच्या कोटाचं... हे तुझ्या सासूच्या स्वेटरचं..." बोटं सावकाश वर सरकली, डोंगराशी थबकली. ते हसले. "पोरी, तुझी नदी डोंगर चढतेय गं!"

"म्हणजे?"

"वर बारीक बटणं, खाली मोठी."

"लांबचं लहान दिसतं ना, बाबा."

"डोळ्यांना दिसत असेल. पायांना विचार! लहानपणी नदीतून चालत वर गेलोय मी. वर धोंडे, मग गोटे, खाली वाळू. पाणीच झिजवतं त्यांना."

"मग रोज चादरीवर तुम्ही..."

"नदीच मांडतो. बसल्या जागी फिरून येतो."

अरेरे! भिंतीपलीकडे रोज एक नदी वाहत होती, आणि या घराला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटत होतं!

"आणि डिंक कसला लावतेस? बटण शिवायचं असतं. शिंप्याची सून ना तू?"

ओल्या डिंकातून बटणं निघाली; मोठी वर, बारीक खाली अशी नव्याने मांडली गेली. ती सुईत दोरा ओवून देई, ते टाका घालत. दारात मुलगा येऊन उभा राहिला; वर्तमानपत्र बाहेरच राहिलं होतं.

"बाबा, नदी कुठे वळवायची?" त्याने हळूच विचारलं.

"आत्ता विचारलंस होय!" म्हातारा खुलला. "बस, सांगतो."

प्रदर्शनात त्या देखाव्याखाली पाटी होती : 'कृपया हात लावा. शिल्पकार : सासरे आणि सून.' लोक डोळे मिटून नदी उतरत होते. प्रदर्शन संपल्यावर दोघांनी टाके उसवले, आणि बटणं पुन्हा डब्यात आली.

मंडळी, आपल्याही घरात कुणीतरी असंच काही मांडत बसलेलं असेल. 'तुम्हाला आता काय करायचंय?' हे वाक्य तेवढं गिळा आणि जवळ बसून विचारा, 'काय मांडताय?' माणूस थकलं म्हणून त्याच्या आतलं पाणी आटत नाही.