नाथाजीच्या नावेतला पिझ्झा

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे. पण माझ्यात बसलात तर कुठेही जाणार नाही. पोटभर जेवाल मात्र. सांगलीच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर माझा मुक्काम आहे.

सागाच्या फळ्यांची मी, डांबर लावून लावून काळीभोर झाले. नावाड्याच्या घरचा नाथाजी दुसऱ्या मोठ्या लढाईवरून परतला आणि त्याने मला हाकायला घेतले. शेतकरी, बैल, नव्या नवऱ्या, सगळ्यांना मी पैलतीरी पोचवले. गावकऱ्यांकडून नाथाजीने कधी पैसा घेतला नाही. सुगी झाली की खळ्यावरून बलुत्याचे धान्य यायचे, त्यात सारे आले. "नाव लय गुणाची," असे लोक म्हणत. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे.

सत्तर साली पूल झाला. मला काठावर ओढून ठेवले. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. एक लाकडाचा व्यापारी येऊन माझ्या फळ्या ठोकून बघून गेला, तेव्हापासून नाथाजीच्या जिवाला घोर लागला.

लढाईत तो इटलीत जखमी झाला होता. तिथल्या एका म्हातारीने त्याला घरात ठेवून खाऊ घातले होते. तेच पदार्थ लोकांना माझ्यात बसवून खाऊ घालायचे त्याने ठरवले आणि शेजारी मातीची भट्टी घातली.

"चांगलं दूध मुद्दाम नासवायचं? आवं, लक्ष्मी रुसंल," त्याची बायको बनुबाई म्हणाली.

"त्या म्हातारीची न्हाई रुसली."

बनुबाईने आधी दुधाला हात जोडले, मग नासवले. गव्हाच्या जाड भाकरीवर टोमॅटो, लसूण आणि दुधाचा चोथा पसरून ती भट्टीत घातली की झाला पिझ्झा. शेवया उकडून तिखटामिठाच्या केल्या की पास्ता. लोक चपला काढून माझ्यात चढत, आपापल्या जुन्या जागी बसत आणि बोटे चाटत.

पण नाथाजीची सवय जाईना. पैलतीरच्या कुणी पैसे काढले की तो हात मागे घ्यायचा. "माझ्या नावंत तुमचं पैसं चालत न्हाईत." बलुते तर पूल झाल्यापासून बंदच होते. कणगीचा तळ दिसला, तेव्हा त्याने व्यापाऱ्याला निरोप धाडला. बनुबाई माझ्या काठाला टेकून रडली. मलाही भरून आले.

व्यापारी कुऱ्हाडवाले घेऊन आला, तोच पुलावरून एक बैलगाडी उतरली. पैलतीरचा आप्पासो गव्हाची पोती घेऊन आला होता.

"हे कशाचं रं?" नाथाजीने विचारले.

"बलुतं. साऱ्या गावाचं."

"आता पूल हाय की."

"पुलानं कवा जेवू घातलंय आमाला?"

नाथाजी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. व्यापारीही पिझ्झा खाऊनच गेला. त्याच्याकडून मात्र बनुबाईने पैसे घेतले.

मित्रांनो, कामातून गेलेली वस्तू तुमच्याही दारात असेल. ती मोडायला काढण्याआधी घटकाभर तिच्याजवळ बसा. आणि माझ्याकडे आलात तर डावी बाजू तेवढी जपा. तिथे अजून कोंबडी अंड्यांवर बसते.