चौथ्या मुद्द्यातला न

लाल गोल एकूण सतरा होते. मेकॅनिकनं ते दोनदा मोजले आणि फोन पालथा घालून ठेवला.

आदल्या दिवशी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लिहून इंटरनेटवर टाकलं होतं. ‘लिफ्टमध्ये अडकलात तर’ असं नाव आणि खाली सात मुद्दे. ज्या अकरा इमारतींच्या लिफ्ट तो सांभाळायचा, त्यांच्या रहिवाशांच्या ग्रुपवरही त्यानं ते मोठ्या हौसेनं पाठवलं. सकाळी त्यातल्याच एका इमारतीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी प्रत्येक चुकीभोवती लाल गोल काढून तो लेख सगळ्यांना परत पाठवला. सगळे त्यांना सर म्हणत. सरांनी खाली एकच ओळ लिहिली होती: ‘आधी लिहायला शिकावे, मग लोकांना शिकवावे.’ त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

मेकॅनिकनं लेख काढून टाकला. शाळा आठवीत सुटलेली, न आणि ण वरून लहानपणी भरपूर मार खाल्लेला. तेव्हापासून शंका आली की तो ण ठोकून द्यायचा, निदान शिकल्यासारखं तरी दिसावं म्हणून. सतरापैकी नऊ गोल त्या ण भोवतीच होते.

बायको खिडकीपाशी मशीनवर कुणाचीतरी पँट आखूड करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चुका अक्षरांच्या आहेत की कामाच्या?”

“कामाची एकही नाही.”

“मग अक्षरं दुरुस्त करा आणि परत टाका. त्या पोरीसाठी लिहायला घेतलं होतंत ना?”

ती पोरगी मेकॅनिकच्या डोळ्यांपुढून जात नव्हती. वर्षभरापूर्वी एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दार अर्धवट उघडलं म्हणून तिनं खालच्या मजल्यावर उडी मारली, तोल गेला आणि ती लिफ्टखालच्या मोकळ्या जागेतून थेट खड्ड्यात पडली. तिला वर काढणाऱ्यांत तो होता. पोरगी वाचली, पण पाय कायमचा अधू झाला. हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर, हा विचार त्याला वर्षभर पोखरत होता.

मग त्यानं कंबर कसली. पहिल्या दिवशी फोनवर तीनदा वाचलं आणि गोलांपलीकडची एकही चूक दिसेना. डोळे समोरचं वाचतच नव्हते, डोक्यातलं वाचत होते. दुसऱ्या दिवशी त्यानं लेख छापून आणला, पट्टी ठेवून खालची ओळ आधी, मग तिच्या वरची, असं उलटं वाचत गेला. एरवीही दुरुस्तीनंतर तो लिफ्ट रिकामी फिरवायचा, प्रत्येक मजल्यावर थांबवायचा आणि मगच माणसं आत सोडायचा. इथंही तेच. रोज कामावरून आला की एक फेरी. शब्दकोश मागून आणला. सरांचे सतराही गोल निस्तरले, वर सरांच्या नजरेतून सुटलेल्या सहा चुका त्यानं स्वतः पकडल्या. त्या सहा चुकांनी त्याला जो आनंद दिला, तो पगारवाढीनंही कधी दिला नव्हता.

रविवारी दुपारी तो बटण दाबणार, तेवढ्यात बायको म्हणाली, “थांबा. मी एकदा वाचते.”

त्याला नाही म्हणवेना, पण जिवावर आलं. तिला अक्षरओळखच मुळी चाळिशीत झाली होती, बायकांच्या संध्याकाळच्या वर्गात. एकेका अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत ती वाचायची. घरात त्यावरून थट्टा चालायची, ‘तुझं वाचून होईपर्यंत बातमी शिळी होईल.’ तो चहा करून आला, प्यायला, कप विसळून ठेवला, तरी ती चौथ्या मुद्द्यावरच होती.

“अहो, हे असंच म्हणायचंय का तुम्हाला?”

“काय?”

तिनं सावकाश वाचलं. “लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असेल आणि दार अर्धवट उघडलं, तर बाहेर पडणंच सुरक्षित.”

“न पडणंच,” तो म्हणाला.

“न कुठंय?”

त्यानं कागद ओढून घेतला. न नव्हता. पहिल्या लेखात तिथं ण होता, लाल गोलातला. तो पुसला आणि न लिहायच्या आतच एका इमारतीतून फोन आला, तो पाना घेऊन पळाला आणि आल्यावर पुढच्या चुकीकडे वळला. त्यानंतर ती ओळ त्यानं किमान दहा वेळा वाचली होती आणि दरवेळी त्याला तिथं न दिसला होता. तिला अंदाजानं वाचता येत नव्हतं, म्हणून जे नव्हतं ते तिला दिसलं नाही.

चूक तशी एका अक्षराची, पण माणसाला खड्ड्यात घालणारी. “बरं झालं तू वाचलंस,” म्हणत त्यानं तिथं न घातला. मग दोघांनी उरलेले मुद्दे तिच्या चालीनं पुरे केले, आणि लेख गेला.

तीन आठवडे काहीच झालं नाही. ग्रुपवर कुणी हसलं नाही, तसं कुणी कौतुकही केलं नाही. मग एका सकाळी सरांच्या इमारतीतून फोन आला. लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत तीन माणसं आणि एक तान्हं बाळ. मेकॅनिकला पोचायला पाऊण तास लागला. वर जाऊन त्यानं वीज तोडली, हातानं चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणून लावली आणि दार उघडलं. बाळाला घेऊन त्याची आई बाहेर आली, मागोमाग पांढराफटक पडलेला एक कुरियरवाला. सगळ्यात शेवटी सर आले. घामानं निथळत होते, चष्मा नाकावर आणि हातात फोन.

“यानं दार फाकवून पाय बाहेर सोडले होते,” कुरियरवाल्याकडे बोट करून सर म्हणाले. “मी तुमचा लेख मोठ्यानं वाचायला घेतला. चौथा मुद्दा तीनदा वाचला, तेव्हा कुठं यानं पाय आत घेतले.”

मेकॅनिक पायरीवर बसला.

सर त्याच्या शेजारी बसले, जमिनीला हात टेकवत, म्हाताऱ्या माणसासारखे. म्हणाले, “पाऊण तास होता हाताशी. सवयीनं चुका शोधत होतो. एक सापडली नाही. त्या दिवशी मी जे लिहिलं, ते मला लिहायला नको होतं.”

त्याच संध्याकाळी त्यांनी हे सगळं ग्रुपवर लिहिलं, माफीसकट. आठवड्याभरात अकराही इमारतींनी ठरवलं की लेख पत्र्याच्या पाटीवर छापून प्रत्येक लिफ्टमध्ये लावायचा.

मेकॅनिक बायकोला घेऊन पाट्यांच्या दुकानात गेला. दुकानदारानं सातही मुद्दे मांडून दाखवले आणि खाली नाव काय टाकू म्हणून विचारलं. मेकॅनिकनं आपलं सांगितलं, मग म्हणाला, “त्याच्याखाली आणखी एक ओळ घ्या. तपासणी, आणि यांचं नाव.”

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, पण नको म्हणाली नाही.

“नाव कसं लिहू, वहिनी? ऱ्हस्व की दीर्घ?” दुकानदारानं विचारलं.

“द्या इकडे, मीच लिहिते,” ती म्हणाली. मागं दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. तिनं पदर खोचला, कागद सरळ केला आणि आपलं नाव लिहिलं. सगळं, आडनावासकट. मग ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचून बघितलं आणि कागद दुकानदाराच्या हातात दिला.