सामाईक विहिरीचा फ्यूज

लोणीतल्या त्या सामाईक विहिरीवर प्रयागबाई आणि तिची धाकटी जाऊ सखूबाई यांच्या घरांचं पाणी पाळीनं चालायचं. तेव्हा मोटार चालू करायला चिनी मातीचा पांढरा फ्यूज लागे. पाळी संपली की तो ओढून काढायचा, पदरात घ्यायचा आणि दुसरीच्या घरी नेऊन द्यायचा. मग चहा व्हायचा, लेकरांची गाऱ्हाणी व्हायची, नवऱ्यांच्या नकला व्हायच्या. कधी कधी तर एवढासा फ्यूज द्यायला अर्धा दिवस लागे. खरं तर तांब्याची तार गुंडाळून कुणालाही मोटार चालू करता आली असती. पण ते कधी कुणाच्या मनात आलं नाही.

नवरे गेले, मुलं कर्ती झाली. प्रयागबाईच्या भरतनं आणि सखूबाईच्या दादाभाऊनं मिळून विहिरीवर मोबाईलवर चालणारी पेटी बसवली. घरबसल्या मोटार चालू, घरबसल्या बंद. फ्यूज प्रयागबाईच्या कोनाड्यात जाऊन पडला.

यंदा उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला आणि पेटीचंही काहीतरी बिनसलं. दादाभाऊची पाळी संपली होती, पण पाइपाचा वॉल अजून त्याच्याच कांद्याकडं फिरवलेला. तेवढ्यात मोटार आपोआप चालू झाली. सकाळी भरत गेला तर विहीर कोरडी. पुढच्या पाळीला उलटं झालं. पाणी सगळं भरतच्या वावरात, आणि दादाभाऊ बांधावर उभा राहून शिव्या देतोय. मोबाईलवर नुसतं 'चालू' दिसे, कुणी केली ते दिसत नसे.

कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "तुमच्या दोन मोबाईलशिवाय आत कुणी येऊच शकत नाही."

"खोटं बोलतोय मेला!" प्रयागबाई म्हणाली. "मागं तुमी पासवर्ड विसरला व्हता, तवा यानंच पुण्यात बसून मोटार चालू करून दिली का न्हाई? पासवर्ड इचारला का त्यानं? आपल्यापुरती चोरवाट ठिवलीय. त्याला घावती ती आणिक कुणालाबी घावंल."

दादाभाऊ हसला. "मोठ्याई, पुण्यात बसून माझ्या कांद्याला पाणी पाजायची त्याला काय हौस आलीय?"

पाण्याची गरज पुण्यातल्या कुणाला नव्हती. ती या दोन घरांनाच होती.

भरत आणि दादाभाऊचं बोलणं बंद झालं. जेवताना भरत मोबाईलवर बोट फिरवू लागला की प्रयागबाईची नजर तिथंच खिळे.

"काय बघतीस, आये?"

"कुठं काय? जेव."

एका दुपारी तिनं कोनाड्यातला फ्यूज पुसला आणि पदरात घेऊन सखूबाईच्या ओट्यावर जाऊन बसली.

"सखू, ती पेटी काढाया लावू. पुन्यांदा ह्योच बशिवू. पाळी सरली की तू माझ्याकडं, मी तुझ्याकडं."

सखूबाईनं फ्यूज हातात घेऊन फिरवून पाहिला. "तुझ्या हाताचं मी सांगंन, आक्का. तुझ्या भरतच्या हाताचं कोण सांगनार? तारेचा तुकडा कुठंबी मिळतो."

माझा भरत तसा न्हाई, असं म्हणायला प्रयागबाईनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

तेवढ्यात विहिरीकडून मोटारीची घरघर ऐकू आली. भरत कळंबला गेला होता, दादाभाऊ मंचरला. मोबाईल दोघांच्याही खिशात. जावांनी एकमेकींकडं पाहिलं आणि लगेच नजरा खाली घातल्या.

"उरलंसुरलं पानी जाईल. बंद करून येते," म्हणत प्रयागबाई उठली.

"थांब." सखूबाईनं चपला पायात सरकवल्या. "एकटी नको जाऊ. मीबी येते."

उभ्या जन्मात दोघी कितीदा तरी सोबतीनं विहिरीवर गेल्या होत्या. आज सखूबाई एक पाऊल मागं चालत होती, प्रयागबाईच्या हातांवर नजर ठेवून. फ्यूज ओट्यावरच राहिला.

पोचल्या तेव्हा मोटार नुसती हवा ओढत होती.