पाठीखालची खुंटी

एका पत्र्याच्या डब्यात, काळोखात उभा राहून मी हे सांगतो आहे. मी एक जुना मदरबोर्ड आहे, मित्रांनो. कॉम्प्युटरचा पडदा तुम्ही रोज पाहता, त्याची बटणे बडवता. मला मात्र तुमच्यापैकी थोड्यांनीच पाहिले असेल.

माझा जन्म कारखान्यातला. एका पातळ पाटीवर केसासारख्या तांब्याच्या वाटा आखल्या गेल्या, वर बारीकसारीक भाग बसवले गेले आणि माझ्या पाठीवर डाखाचे, म्हणजे सोल्डरचे, शेकडो ठिपके उमटले. त्या ठिपक्यांतून वीज वाहते. म्हणून माझ्या पाठीला उघड्या धातूचा स्पर्श चालत नाही. एवढे एक पथ्य सोडले तर मी सोशिक आहे. तपासणाऱ्या बाईंनी वीज जोडली, दिवा लागला आणि त्या म्हणाल्या, "हा गुणी आहे." मी ते शब्द जपून ठेवले.

दुकानातून मला एका लेकीने नेले. तिच्या वडिलांना, अण्णांना, पक्षाघात झाला होता. वाचा गेली होती. सगळे ऐकू येई, सगळे कळे, पण हलत होते ते फक्त डोळे आणि डाव्या हाताचे एक बोट. घरात त्यांच्याशी बोलण्याची एक पद्धत पडून गेली होती. कण्हण्याचा आवाज आला की त्यांची धाकटी बहीण, म्हणजे लेकीची आत्या, विचारी, "दादा, पाणी? उशी? पंखा?" हवे त्या शब्दाला अण्णांनी डोळे मिटायचे. या तीन शब्दांच्या बाहेर काही हवे असेल तर विचारणार कोण? अलीकडे तर अण्णांनी डोळे मिटणेच सोडून दिले होते. लेकीला त्याचीच धास्ती होती. पडद्यावर एकेक अक्षर उजळत जाईल, हवे ते आले की अण्णा बोटाखालचे बटण दाबतील, असा कॉम्प्युटर तिला घरच्या घरी जोडायचा होता.

कॉम्प्युटरचा डबा तिच्या ऑफिसमधून मोडीत निघालेला होता. आमच्यासाठी अशा डब्यात छोट्या पितळी खुंट्या असतात. आम्ही त्यांच्यावर टेकून पत्र्यापासून वर उचललेले राहतो. प्रत्येक खुंटी आमच्या एकेका भोकाखालीच हवी. डब्यातला आधीचा बोर्ड निराळ्या मापाचा होता. तो गेला, खुंट्या राहिल्या. लेकीने ब्रशने डबा लख्ख केला, पण त्या खुंट्या तिला डब्याच्याच अंगच्या वाटल्या. तिने मला बसवले, स्क्रू आवळले, आणि भोक नसलेल्या जागी एक खुंटी माझ्या पाठीत रुतली.

तिने बटण दाबले. पंखा अर्धवट फिरला आणि थांबला. मी जळून जाऊ नये म्हणून वीज पुरवणाऱ्या पेटीने हात आखडता घेतला होता.

"अगं, हा डोळा मारून झोपतोय," आत्या म्हणाली.

लेकीने वायरी काढून पुन्हा खोचल्या. मेमरीची पट्टी पुसून बसवली. पंखा पुन्हा अर्धवटच फिरला. चारी बाजूंनी आवळलेला, पाठीत धातू रुतलेला, मी ओरडणार कशाने? माझ्याकडे एक दिवा होता आणि तोही लागत नव्हता.

तिने मला दुकानात परत नेले. दुकानदाराने मला पुठ्ठ्यावर ठेवून वीज जोडली. मी लगेच सुरू झालो.

"ताई, हा तर पळतोय. तुमच्या घरी येऊनच रुसतो की काय?"

"म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय."

"वायर ढिली असेल. बघा जरा नीट."

घरी पुन्हा तेच. दुकानात गुणी, घरी गुन्हेगार, अशी माझी गत झाली. दुसऱ्या खेपेला दुकानदार वैतागला. त्याने आणखी एक बोर्ड तिच्या हातात ठेवला. "दोन्ही न्या. चालेल तो ठेवा, दुसरा आणून द्या."

माझ्या कडेला तिने चिठ्ठी चिकटवली, 'खराब?' प्रश्नचिन्ह तिने घातले, एवढाच मला आधार. मी अण्णांच्या उशाशी टेबलावर पडून राहिलो आणि माझा धाकटा भाऊ डब्यात गेला. पंखा अर्धवट फिरला. त्याच्या पाठीत काय शिरले ते मला ठाऊक होते. अण्णा छताकडे पाहत होते. आम्ही तिघेही आपापल्या जागी अडकलेले होतो.

लेक डोके धरून खाली बसली. आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली, "दोन पाहुण्यांना एकाच पलंगावर झोप लागत नाही, म्हणजे दोन्ही पाहुणेच नाठाळ, होय गं?"

लेकीने मान वर केली. मग तिने भावाला डब्यातून बाहेर काढले, मला माझ्याच खोक्यावर ठेवले, वायरी जोडल्या आणि बटण दाबले. माझा दिवा लागला, पंखा घरघरला. वायरी काढून तिने मला उलटे केले आणि पाठीवरून हळूच बोट फिरवले. एका ठिकाणी चमकता ओरखडा होता. मला रिकाम्या डब्यावर धरून तिने एकेका भोकातून खाली पाहिले, आणि भोक नसलेल्या जागची ती खुंटी पिरगाळून बाहेर काढली.

"एवढीशी आहे, अण्णा," तिने ती तळहातावर धरून दाखवली. "ही पाठीत टोचत होती बिचाऱ्याच्या, आणि मी त्यालाच खराब म्हणत होते."

अण्णा त्या खुंटीकडे पाहतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"पाणी हवं, दादा? उशी?" आत्याने विचारले. अण्णांनी डोळे मिटले नाहीत.

त्याच दुपारी मी डब्यात नीट बसलो. पडद्यावर अक्षरे एकेक उजळू लागली. अण्णांचे बोट बटणावर टेकले. बराच वेळ गेल्यावर 'पा' उमटला.

"पाणी! मी म्हणत नव्हते?" आत्या उठलीच.

"आत्या, बस गं. त्यांचं त्यांना पुरं करू दे."

अक्षरामागून अक्षर येत गेले. आत्याची भाजी निवडून झाली, चहा निवला. शेवटी पडद्यावर ओळ उभी राहिली: 'पाठीखाली टोचतंय'.

दोघींनी अण्णांना कुशीवर वळवले, गादी उचलली. पलंगाच्या पट्टीतला एक स्क्रू सैल होऊन वर आला होता. उशी दिली की खांदे वर उचलले जात आणि सगळा भार त्याच जागेवर येई. आत्याने तोंडाला पदर लावला. "आणि मी मेली उशीवर उशी देत होते."

ज्या स्क्रूड्रायव्हरने लेकीने मला बसवले होते, त्यानेच तिने तो स्क्रू आत पिळला. अण्णांना पुन्हा पाठीवर निजवले. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि बोट परत बटणावर ठेवले. यावेळी आत्या गप्प बसून राहिली.

'आता पाणी दे,' अण्णांनी लिहिले.

त्याला बरीच वर्षे झाली. अण्णा माझ्यामार्फत पुष्कळ बोलले, भांडलेसुद्धा. आता ते नाहीत. माझ्यावर धूळ साठली आहे, पंखा कुरकुरतो, आणि डब्याचे झाकण क्वचितच उघडते. पण 'खराब?' ही चिठ्ठी लेकीने त्याच दिवशी सोलून टाकली होती. तिचा चिकट डाग अजून माझ्या कडेला आहे.

मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जपा, ओल्या हाताने शिवू नका, हे तर सांगतोच. पण एखादा चालत नाही, बोलत नाही असे दिसले, तर त्याच्यावर चिठ्ठी चिकटवण्याआधी त्याच्या पाठीखाली एकदा हात घालून बघा.